नर्सचा वॉर्ड कोण ठरवतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर तुमच्या करिअर पुरवणीत नर्सिंगवर एक चौकट आली होती. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा डिप्लोमा) तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, परदेशात मागणी आहे, सेवाभाव असेल तर हे क्षेत्र उत्तम. माहितीत चूक काहीच नव्हती. सकाळच्या पाळीचे पेशंट डायलिसिसच्या मशीनवर लावून झाल्यावर मी ती वाचली, कापून एप्रनच्या खिशात ठेवली, आणि तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. पत्र लांबलंय. जमेल तेवढं छापा, पण वाचा मात्र सगळं.

मी १९९९ साली जीएनएम झाले. मूळची कळवण तालुक्यातली, आता बरीच वर्षं सिडकोत राहते. सगळी नोकरी नाशिकच्या खाजगी दवाखान्यांत झाली. आधी कॅज्युअल्टी, म्हणजे अपघात आणि तातडीचे पेशंट येतात तो विभाग, मग नवजात बाळांचा आयसीयू, मग थोडे दिवस मोठ्यांचा आयसीयू, आणि गेली चौदा वर्षं डायलिसिस. एवढ्या वर्षांत कितीतरी मुली माझ्यासमोर आल्या आणि वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडून गेल्या. गेल्या की मागे लोक म्हणतात, तिच्यात सेवाभाव नव्हता, हल्लीच्या मुलींना सोसत नाही. मला हे पटत नाही. त्यातल्या बऱ्याच जणींना नर्सिंग उत्तम जमलं असतं. त्यांना जो वॉर्ड दिला गेला तो त्यांचा नव्हता, आणि दुसरा मागायची सोय कुठेच नव्हती.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट सांगते. सकाळी आठच्या सुमारास मी चेंजिंग रूममध्ये गेले, तर आयसीयूची एक मुलगी नाईट संपवून बाकावर बसलेली. तेवीस वर्षांची. एक बूट पायात, एक हातात. मी विचारलं, "काय गं, घरी नाही गेलीस?" ती म्हणाली, "ताई, मला नर्सिंग जमत नाही. राजीनामा लिहिलाय."

ही सुरगाण्याकडची. आईवडील दर हंगामाला दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला येतात, छाटणीपासून काढणीपर्यंत. त्या मजुरीतून तिची फी भरलेली. आयसीयूत तिला चौदा महिने झाले होते. मी तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, नेमकं काय जमत नाही? सलाईन लावता येत नाही का? सक्शन जमत नाही का? तर तसं काही नव्हतं, हात चांगला होता तिचा, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. बराच वेळ ती रडत राहिली आणि मग म्हणाली, "ताई, माझे पेशंट बोलतच नाहीत."

मला हे वाक्य अजून आठवतं. व्हेंटिलेटरवरचा माणूस बोलत नाही, त्याला झोपेचं औषध चालू असतं. त्याचं तोंड पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतला कफ ओढायचा, तासातासाची लघवी मोजायची, पंपावरचे आकडे लिहायचे. काही नर्सना हेच काम आवडतं. एकेक आकडा हळूहळू सुधारताना पाहण्यात त्यांना मोठं समाधान असतं, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण ही मुलगी तशी नव्हती. मी तिला विचारलं, या चौदा महिन्यांत बरं कधी वाटलं होतं? ती लगेच म्हणाली, पेठकडची एक आजी आयसीयूतून बाहेर हलवायच्या आधी दोन दिवस शुद्धीवर होती. तिच्याशी ती कोकणा बोलीत बोलली. तिच्या मुलीला इन्सुलिन कसं भरायचं, सुई कुठे टोचायची, ते तिने दहा-दहा वेळा करून घेतलं. त्या मुलीने पुढे फोन करून कळवलं की जमतंय.

आमच्या अख्ख्या दवाखान्यात पेठ-सुरगाण्याच्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारी ती एकटी नर्स होती. ओपीडीत, मेडिकल वॉर्डात, बाळंतिणींकडे, कुठेही तिचं सोनं झालं असतं. तिला आम्ही ठेवलं होतं ते न बोलणाऱ्या पेशंटजवळ, तेही एका वेळी तिघांजवळ, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात आयसीयूत दर पाळीला एका रुग्णामागे एक नर्स असं सांगितलं आहे, शिवाय रजा-आजारपणासाठी एकूण संख्येवर ३० टक्के जादा माणसं. हा निकष परीक्षेत पाठ करून आम्ही सगळ्या पास होतो.

मी वरिष्ठांकडे जाऊन बदली करा म्हणून सांगितलं. उत्तर मिळालं की आयसीयूतच जागा रिकामी आहे, दुसरीकडे नाही. महिन्याभराने ती गेली. आता सातपूरला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाते. बारा तास उभं राहावं लागतं, पण रात्री झोप लागते म्हणते.

वॉर्ड आणि मनाचा ताण या दोन गोष्टी वेगवेगळ्या काढता येत नाहीत, हे मला स्वतःच्या अनुभवातून कळलंय. तो सांगते.

माझी पहिली नोकरी महामार्गालगतच्या एका दवाखान्यात, कॅज्युअल्टीत. अपघात यायचे, पण माझ्या मनात घर करून राहिले ते औषध प्यायलेले. निफाड-दिंडोरी हा बागायती भाग, घराघरात फवारणीचं औषध. कोणी चिडून प्यायलेला, कोणी कर्जापायी, कोणी फवारताना तोंडाला काही न बांधता दिवसभर शेतात राहिलेला. गाडीतून उतरवतानाच वास यायचा. आधी हातमोजे, मग कपडे कापून काढायचे, अंग साबणाच्या पाण्याने धुवायचं, कारण ते विष कातडीतूनही आत जातं. डॉक्टर अ‍ॅट्रोपीन सुरू करायचे, म्हणजे विषावरचा उतारा, दर पाच मिनिटांनी डोस वाढवत. आम्ही बघायचं ते छातीतली खरखर कमी झाली का, घाम सुकला का, नाडी वर आली का. डोळ्यांच्या टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या मोठ्या होतात का. आणि अ‍ॅट्रोपीन जास्त झालं तर पेशंट बडबडायला लागतो, हवेतून काहीतरी वेचल्यासारखं करतो, अंग तापतं. ते ओळखायला मशीन नसतं, तिथे उभी असलेली नर्स असते.

लोकांना वाटतं कॅज्युअल्टी म्हणजे सगळ्यात जास्त टेन्शन. मला तिथे झोप लागायची. खूप दमायचे, पाय भरून यायचे, नातेवाइकांच्या शिव्या खायचे, एकदा एकाने स्टूल उचलून मारलं होतं. पण घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं की तो दिवस संपायचा. पेशंट वाचला किंवा गेला, जे व्हायचं ते माझ्यासमोर तासा-दोन तासांत व्हायचं. हा थकवा माझ्या अंगाला झेपत होता. माझ्याबरोबरच्या एकीला तो अजिबात झेपला नाही. पुढे त्या माणसाचं काय झालं हे कळत नाही म्हणून ती झुरायची. ती नंतर प्रसूती विभागात गेली आणि आजही तिथे आनंदात आहे.

मग माझं लग्न झालं, मुलगी झाली. रजा संपवून परत आले तर मला न विचारता नवजात बाळांच्या आयसीयूत टाकलं. मॅडम म्हणाल्या, "तुझं स्वतःचं लहान बाळ आहे, तुला बाळांचं काम आवडेल." त्यांनी मायेनेच म्हटलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला कोणी विचारलं नाही.

तिथे बाळं हजार-अकराशे ग्रॅमची. मनगट माझ्या बोटाएवढं. शीर शोधायची तर हाताखाली उजेड धरून. सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा अलार्म दर थोड्या वेळाने वाजणार, प्रत्येक वेळी वळून बघायचं की खरंच श्वास थांबलाय की फक्त पायावरचा सेन्सर सरकलाय. डोस सगळे दशांशात. मी घरी यायचे आणि माझी मुलगी पाळण्यात शांत झोपलेली असली की मला भीती वाटायची. मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे, रात्रीतून पाच-सहा वेळा. कुकरच्या शिट्टीने दचकायचे. दुधावर परिणाम झाला. नवऱ्याला वाटलं बाळंतपणाचा अशक्तपणा आहे. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले. मला स्वतःलाही कळत नव्हतं काय होतंय.

सहाव्या महिन्यात माझ्या हातून चूक होता होता राहिली. बदलीची सिस्टर आली नाही म्हणून डबल ड्यूटी चालू होती, चौदावा तास असेल. अकराशे ग्रॅमच्या बाळाला जेंटामायसिन पाच मिलिग्रॅम द्यायचं होतं. लहान मुलांची व्हायल असते तिच्यात एका मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम, मोठ्यांची असते तिच्यात चाळीस. कोणीतरी मोठ्यांची व्हायल बाळांच्या ट्रेमध्ये ठेवली होती. मी सवयीने अर्धा मिलिलिटर भरला. म्हणजे वीस मिलिग्रॅम, चौपट. हे औषध जास्त झालं तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करतं. दोन जणींनी डोस तपासायचा हा नियम होता, म्हणून मी सिरिंज आणि व्हायल समोरच्या सिस्टरला दाखवली. तिने व्हायल फिरवून लेबल वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. सिरिंज टाकून दिली, दुसरी भरली.

मी ते रजिस्टरमध्ये लिहिलं, कारण आम्हाला तसं शिकवलं होतं. मला मेमो मिळाला. चौदा तास मी उभी का होते, मोठ्यांची व्हायल तिथे कशी आली, हे कोणी विचारलं नाही. त्यानंतर त्या वॉर्डात चुका रजिस्टरमध्ये यायच्या बंद झाल्या. चुका व्हायच्या थांबल्या असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांच्या चुकांमुळे होणारी इजा कमी करण्याची जगभरची मोहीम सुरू केली. त्याबद्दलचं पोस्टर पुढे एका दवाखान्यात भिंतीवर बघितलं तेव्हा मला तो मेमो आठवला. मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले.

नवजात विभागाबद्दल वाईट मत करून घेऊ नका. त्याच वॉर्डात माझ्याबरोबर एक सिस्टर होती, ती आईच्या छातीवर बाळ ठेवून पदराने दोघांना बांधायची, कांगारू पद्धतीने, आणि तासन्‌तास त्या आयांशी गुजगोष्टी करायची. बाळाचं वजन वीस ग्रॅमने वाढलं तरी तिचा चेहरा फुलायचा. अलार्म तिला ऐकूच यायचे नाहीत असं वाटायचं, पण खरा अलार्म वाजला की सगळ्यांच्या आधी तीच वॉर्मरजवळ, म्हणजे बाळाला उबेत ठेवायच्या पाळण्याजवळ असायची. ते काम तिचं होतं. माझं नव्हतं.

मोठ्यांच्या आयसीयूत मी दीड वर्ष काढलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. नंतर डायलिसिसला एक जागा निघाली आणि मी ती मागून घेतली. माझ्या नोकरीत पहिल्यांदा मी वॉर्ड मागितला होता.

डायलिसिस बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. तेच पेशंट, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, चार-चार तास. चांदवडकडून एक काका पहाटे चारला उठून एसटी धरून येतात. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला असतो, त्यावर बोट ठेवलं की आतली थरथर जाणवते, ती आहे ना हे आधी बघायचं, मग सुया लावायच्या. मागच्या वेळेपासून वजन किती वाढलं ते बघायचं, कारण ते सगळं पाणी असतं, आणि एकदम जास्त ओढलं तर बीपी पडतं, पायात गोळे येतात. उन्हाळ्यात फार वाईट वाटतं. बाहेर रणरणतं ऊन आणि यांना दिवसाचं पाणी मोजून. मी त्यांना सांगते, बर्फाचा खडा चघळा, तोही मोजा. मुलीचं लग्न कुठे ठरलं, कांद्याला लासलगावला काय भाव मिळाला, जावई कसा आहे, मला सगळं माहीत असतं. महात्मा फुले योजनेत यांचं डायलिसिस होतं म्हणून निदान त्या पैशाची चिंता थोडी कमी.

इथला थकवाही साधा नाही. एखाद्या सोमवारी खुर्ची रिकामी असते. फोन केला की घरचे सांगतात, रविवारी गेले. सात-आठ वर्षं ज्याचा हात आठवड्यातून तीनदा हातात घेतला, तो माणूस. कॅज्युअल्टीतल्यासारखं हे आंघोळीने जात नाही. पण हे दुःख मला ओळखीचं आहे, मी त्याच्याबरोबर राहू शकते. मी तेराव्याला जाऊन येते, आणि दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर नवीन माणूस बसतो, त्याला भीती वाटत असते, मी त्याच्याशी बोलते.

म्हणून मी आता मुलींना, त्यांच्या आईवडिलांना सांगते, कोणता विभाग चांगला हे विचारू नका. कोणता थकवा तुला झेपतो ते बघ. ओटीमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काम शिस्तीचं, हाताचं, पेशंट झोपलेला, सर्जनचा स्वभाव मात्र सोसावा लागतो. ज्यांना नीटनेटकेपणाची आवड आहे आणि फार बोलणं नको वाटतं त्यांनी तिथे जावं. मानसिक आरोग्याकडे कोणी जायला तयार नसतं आणि तिथेच चांगल्या नर्सची सगळ्यात जास्त गरज आहे, असं मला वाटतं. ब्रदर मंडळींना, म्हणजे पुरुष नर्सना तर कोणी विचारतच नाही, पेशंट उचलता येतो म्हणून सरळ ऑर्थो (हाडांचा विभाग) किंवा कॅज्युअल्टी. आमच्याकडे एक ब्रदर होते, त्यांच्याइतक्या हळुवारपणे लहान मुलांना सलाईन लावणारं मी कोणी पाहिलं नाही. त्यांना मुलांच्या वॉर्डात कधी पाठवलं नाही.

आयसीयू निवडणाऱ्या बऱ्याच मुलींचं खरं कारण परदेश असतं, तिथल्या जाहिरातींत दोन वर्षांचा आयसीयूचा अनुभव मागतात. घरचं कर्ज असेल तर ते कारण अगदी रास्त आहे. पण मग मुलीला माहीत असावं की ही दोन वर्षं ती कशासाठी काढते आहे. माहीत असलं की माणूस सोसतो.

शिकण्याचे मार्ग आहेत, हेही चौकटीत यायला हवं होतं. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. एम.एस्सी.ला पाच शाखा आहेत, मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य. क्रिटिकल केअर, नवजात शिशू, ऑन्कॉलॉजी (कॅन्सर), ओटी, मनोरुग्ण परिचर्या असे एकेक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं ते आपल्या म्हसरूळला, राज्यभरातल्या नर्सिंगच्या पदव्या तिथून निघतात. आणि त्याच गावात काम करणाऱ्या आमच्या मुलींना हे डिप्लोमे आहेत हेही माहीत नसतं. असलं तरी वर्षभर पगार सोडून शिकायचं कसं? खाजगी दवाखान्यांतल्या पगाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निर्देश दिले, केंद्राच्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिन्याला २० हजारांपेक्षा कमी देऊ नये आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्यावं. तुमच्या वार्ताहराला मोठी बातमी हवी असेल तर शहरात फिरून पगाराच्या पावत्या बघाव्यात.

१२ मे हा परिचारिका दिन. त्या दिवशी आम्हाला गुलाबाचं फूल देतात आणि तणावमुक्तीवर व्याख्यान ठेवतात. नाईट करून आलेल्या मुलींना व्याख्यानासाठी थांबवून घेतात. श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात. श्वासाचा उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की हा कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येतो. माणूस पार गळून जातो, कामाबद्दल मन उडतं, कडवट होतं, आणि आपल्याला काही येत नाही असं वाटू लागतं. चेंजिंग रूममधल्या त्या मुलीत यातलं तिसरं लक्षण स्पष्ट दिसत होतं. कामाच्या जागी जे साचलं ते कामाच्या जागीच उपसायला हवं.

यात आमचा, म्हणजे जुन्या सिस्टरांचाही दोष आहे. आम्ही सोसलं म्हणून तुम्हीही सोसा, हे आम्ही बोलतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगी तिचा पहिला पेशंट गेल्यावर रडत होती, तिला मी म्हणाले, "रडायचं असेल तर बाथरूममध्ये जा, नातेवाईक बघतायत." ती गेली, तोंड धुऊन आली आणि कामाला लागली. मी तेव्हा स्वतःला खंबीर समजत होते. आज ती मुलगी समोर आली तर मी तिची माफी मागेन.

मला स्वतःला कशाचा उपयोग झाला ते विचाराल तर दोन गोष्टी सांगते. आम्ही चौघी, वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या, महिन्यातून दोनदा शालिमारला चहाला भेटतो. मॉर्निंग संपली की. प्रत्येकीने त्या पंधरवड्यातली एक गोष्ट सांगायची, पेशंटचं नाव न घेता, आणि बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. एवढंच. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या दवाखान्यांनी जे दिवस पाहिले, ऑक्सिजनसाठीची ती धावपळ, त्यानंतर आम्ही हे सुरू केलं. तेव्हा आमच्यातली एक सात महिने नीट जेवत नव्हती. पुढे तिने टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन केला, तिथे मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तिथून तिला डॉक्टरकडे पाठवलं. ती आता बरी आहे आणि कामावर आहे. हा नंबर प्रत्येक चेंजिंग रूमच्या दारावर लावावा. दुसरी गोष्ट म्हणजे नीट ओव्हर देणं, पाळी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची सगळी माहिती देणं. घाईत अर्धवट ओव्हर दिली की तो पेशंट डोक्यात घरी येतो. पंधरा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पण सगळं सांगून, लिहून, पुढच्या सिस्टरच्या हातात देऊन निघायचं. पाळी बदलताना ही पंधरा मिनिटं पगारात धरली तर फार उपकार होतील.

दवाखान्यांकडे माझं मागणं मोठं नाही. नवीन मुलीला पहिल्या वर्षात तीन-तीन महिने चार वेगवेगळ्या विभागांत ठेवा. वर्ष संपलं की तिच्याकडून लिहून घ्या, तुला कुठे काम करायचंय आणि का. जागा नसेल तर नाही म्हणा, पण विचारा, आणि तो कागद जपून ठेवा, जागा निघाली की आधी तिला बोलवा. पहिले सहा महिने तिला नाईटला एकटी सोडू नका. चूक लिहून देणाऱ्या नर्सला मेमो देण्याआधी ती किती तासांपासून उभी होती ते बघा. याला मोठा खर्च नाही. एक नर्स सोडून गेली की नवीन आणून तिला शिकवायला जो वेळ जातो त्याचा हिशोब कोणी केलाय का?

हे आत्ता लिहायचं कारण सिंहस्थ. २०१५ च्या सिंहस्थात आमच्या सुट्ट्या रद्द झाल्या होत्या, आठवडेच्या आठवडे डबल ड्यूटी होती. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते, पूल, घाट यांची चर्चा रोज तुमच्या पानांवर असते. पर्वणीला गोदाकाठी गर्दी होईल, कोणाला उन्हाचा झटका येईल, कोणाला जुलाब होतील, कोणी चेंगरेल, आणि शहरातल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत एक नर्स उभी असेल. ती कोण असेल, तिला ते काम झेपणारं आहे का, तिच्या मागे बदलीला माणूस आहे का, याची चर्चा मी अजून कुठे वाचली नाही.

सोमवारपासून आमच्याकडे तीन नवीन मुली येतायत. तिघींची नावं आयसीयूच्या रोस्टरवर लागली आहेत. त्यातली एक तरी पहिले पंधरा दिवस डायलिसिसला द्या, मी तिला फिस्टुला कसा तपासायचा ते शिकवते, असं मी मेट्रन मॅडमना काल सांगितलं. त्यांनी रोस्टर उघडलं, पेन्सिलने एका नावाखाली रेघ ओढली आणि बघते म्हणाल्या.

आपली,
एक परिचारिका
सिडको, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)